रक्त आमचं, मशीन कुणाचं?

१९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं. त्यांच्या बंदुका आम्हाला पाठ. पण १९७१ पासून त्याच पोरांनी काळ्या वस्त्यांत सिकलसेलच्या फुकट तपासण्या केल्या, हे कुणी सांगितलं? सरकार ढिम्म होतं, म्हणून सुई त्यांनी हातात घेतली. १९७२ ला निक्सनने सिकलसेलच्या कायद्यावर सही केली.

यवतमाळ जिल्ह्यात हा आजार कोलामांच्या पोडावर आहे, गोंड-परधानांच्या घरात आहे, आमच्या बौद्ध वस्तीत आहे. शहाणी माणसं म्हणतात, 'हा त्यांचाच रोग.' साफ खोटं! मलेरिया जिथं मुरला तिथं हा जनुक टिकला. आफ्रिकेत टिकला, अरबस्तानात टिकला, ग्रीसमध्येही टिकला. जातीनं एवढंच केलं, जातीतल्या जातीत लग्नं लावून त्याला कोंडून ठेवलं. जातीचं मूळ याच कोंडवाड्यात आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ लाच न्यूयॉर्कमध्ये मांडलं होतं.

आता मुद्द्याचं. बिघाड एका अक्षराचा. तरी तो घेऊन जन्मलेलं एक पोर हाडं फुटल्यावानी कळा सोसत खाटेवर पडलंय, दुसरं अंगणात खेळतंय. काहून? कारण जनुक नुसता असून भागत नाही, तो चालू की बंद हेही बघावं लागतं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. जन्मानंतर त्याचा जनुक बंद पडतो. बीसीएल-११-ए नावाचं प्रथिन त्याला दाबून धरतं, डीएनएवर मिथाइलचे शिक्के बसतात. ज्याच्यात तो थोडाफार चालू राहतो, त्याचा त्रास बहुधा कमी. हायड्रॉक्सियुरिया हे स्वस्त औषध तेच हिमोग्लोबिन वाढवतं. याच कुलपावर घाव घालणारी कॅसजेव्ही थेरपी २०२३ ला इंग्लंड-अमेरिकेत मंजूर झाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आमची अख्खी वस्ती विकली तरी भागायचं नाही.

मध्य भारतातल्या रोग्यांत हे हिमोग्लोबिन आफ्रिकी रोग्यांपेक्षा बहुधा जास्त असतं. तरी विदर्भातली कितीतरी पोरं बेजार आहेत. याचं उत्तर परक्याच्या रक्तात सापडायचं नाही, आमचंच वाचावं लागेल. ते वाचणारं मशीन म्हणजे सिक्वेन्सर. कोटींच्या घरातलं. म्हणून ते एका संस्थेत ठेवायचं, बाकीच्यांनी नमुने पाठवायचे, फी भरायची, निकाल न्यायचा. पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, हैदराबादचं सीसीएमबी, इथं अशी सोय आहे. पद्धत चांगली. नाव 'सामायिक'.

पण हा शब्द आम्ही ओळखून आहोत. १९२३ ला बोल्यांचा ठराव झाला, पाणवठे सर्वांना खुले. पुढं महाडच्या नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. कागदावर! ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. मशीनचंही तेच. दार उघडं, पण अर्ज प्रोफेसरचा, पैसा प्रकल्पाचा, निबंधावर नाव साहेबांचं. पोडावरल्या बाईचं फक्त रक्त.

अमेरिकेत हवासुपाई आदिवासींचं रक्त मधुमेहाच्या अभ्यासाला म्हणून नेलं आणि भलत्याच कामाला वापरलं. ते लढले. २०१० ला अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीला भरपाई द्यावी लागली, रक्तही परत करावं लागलं.

२०२३ पासून केंद्राची सिकलसेल मोहीम चालू आहे. ७ कोटी लोक तपासायचं लक्ष्य. कार्डावर लिहिलेलं मिळतं, रोगी की वाहक. मंग पुढं काय?

गावोगाव मशीन द्या असं मी म्हणत नाही. यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नमुने घेऊन पाठवणारी एक खिडकी उघडा. फी सरकारनं भरावी. संमतीचा कागद मराठीत, गोंडीत, कोलामीत वाचून दाखवा. निकाल रोग्याच्या हातात द्या, समजावून द्या. आमच्या पोरापोरींना हे मशीन चालवायला शिकवा. औषध निघालं तर पहिला हक्क रक्त देणाऱ्याचा.

भावांनो, रक्त द्यायला नाही म्हणू नका. पण प्रत्येक थेंबाचा हिशेब मागा. तळं सामायिक असेल तर ओंजळही आमची पाहिजे.

जयभीम!