हाव म्हटलं तर काय बिघडलं?

होस्टेलवर कुणी 'हाव' म्हटलं की पुण्या-मुंबईकडची मंडळी हसतात. का बुवा? कोल्हापूरकर 'व्हय' म्हणतो, गोव्यात 'हय', नागपुरातही 'हाव'च. हैदराबादचा 'हौ' तर सख्खा शेजारी. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होती. मी कॉन्व्हेंटची, पण माझं 'येस मॅम' कुणाला गावठी वाटत नाही! उलट जिंतूरकडच्या खेड्यातला फर्स्ट इयरचा पोरगा हसतील म्हणून तोंडच उघडत नाही. व्हायवाला "सर्किट तूच जोडलंस का?" विचारलं तर नुसती मान हलवतो. एक्झामिनरला वाटतं, कॉपी केली. रात्रभर जागून जोडलेलं असतं त्यानं. त्याला बिनधास्त 'हाव सर' म्हणू द्या की!