पार्वतीला कात्री लावू नका

मंडळी, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

‘अशी ही बनवाबनवी’ मुलांना दाखवायचा की नाही, यावरून आपल्यात गेला आठवडाभर जुंपलीये. क्लायंटचे हिशेब संपवायचे होते म्हणून मी गप्प बसून वाचत होते. आज वेळ मिळालाय, तर एकदाच काय ते लिहिते.

एक बाजू म्हणते, बनवाबनवीला हसला नाही तो मराठी कसला! दुसरी म्हणते, सगळा थिल्लरपणा आहे, साडी नेसलेले पुरुष, पोटाला काहीतरी बांधून गरोदरपणाचं सोंग, बायकांशी खोटं बोलणं. मुलांनी यातून काय घ्यायचं? त्यापेक्षा ‘श्वास’ दाखवा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, ऑस्करला भारतातर्फे गेला होता. आणि मग कुणीतरी शहाणा तोडगा काढलाय: पार्वतीचे प्रसंग कापा, खाली इंग्रजी सबटायटल लावा, म्हणजे सगळेच खूश.

पार्वती कापून बनवाबनवी म्हणजे बटाटा काढून बटाटावडा. कढईत तळलेलं पीठ उरेल, ते खा मग चटणीला लावून.

आधी आपली परिस्थिती बघा. इथल्या सरकारी शाळांत मराठी हा विषयच नाही. तमिळ आहे, आणि इतर भारतीय भाषांत बंगाली, गुजराती, हिंदी, पंजाबी, उर्दू. म्हणून आपली बहुतेक मुलं मातृभाषेच्या पेपरला हिंदी लिहितात आणि तिचा क्लासही करतात. म्हणजे मराठीला ना परीक्षा, ना मार्क, ना शिक्षक. ती टिकली तर स्वयंपाकघरात, नाहीतर आजीच्या व्हिडिओ कॉलवर. त्यात आपण ठरवलं की मुलांना मराठीतून फक्त चांगलं, गंभीर, संस्कारी तेवढंच द्यायचं. गणपतीत अथर्वशीर्ष, दिवाळीला किल्ला, वर्षातून एक रडवणारा सिनेमा. ‘श्वास’ उत्तमच आहे, मी स्वतः रडले आहे. पण मुलाच्या डोक्यात काय बसतं? इंग्रजी मजेसाठी, मराठी औषधासाठी. आणि औषध बरं वाटलं की बंद करतात.

आता पार्वतीकडे येऊ. आपल्या बिल्डिंगमधली मराठी मुलं बोलताना नीट ऐका. दहा-अकरा वर्षांचा मुलगा सर्रास म्हणतो, “आई, मी खाली जाते.” का? कारण घरात दिवसभर मराठी बोलणारी एकटी आई. बाबा ऑफिसात, आणि घरी आल्यावरही फोनवर इंग्रजीतच. मुलाने ‘मी जाते’ ऐकलं, तेच उचललं. आमच्याकडे हे वर्षभर चाललं. समजावून सांगितलं की पोरगा गोंधळतो, कारण इंग्रजीत ‘आय’ला लिंग नसतं. आणि इथे एक अख्खा सिनेमा याच एका गोष्टीवर उभा आहे! परशुरामने साडी नेसली की ‘आलो’चं ‘आले’ करावं लागतं, सुधीरची सुधा झाली की ‘गेलो’चं ‘गेले’. जीभ घसरली तर चौघांचं बिऱ्हाड रस्त्यावर. आमच्या मुलाने हा सिनेमा दोनदा पाहिला, आणि पार्वतीची नक्कल करता करता त्याला ‘जातो-जाते’मधला फरक कळला. मी वर्षभर सांगून जे झालं नाही ते लक्ष्मीकांत बेर्डेंनी दोन रविवारांत केलं.

आणि सबटायटल? सत्तर रुपयांचा प्रसंग आठवा. धनंजय मानेने घरमालकाकडून मित्राच्या औषधासाठी पैसे उसने घेतलेले. मालक परत मागतो, तर कळतं की मित्र वारला आणि पैसेही वारले. (आमच्या धंद्यात याला बुडीत येणं म्हणतात आणि नोंद करताना तोंड पाडतात.) मराठीत पैसे बुडतात, कुत्रा मरतो आणि माणूस वारतो. सत्तर रुपयांना ‘वारले’ म्हणणं म्हणजे नोटांना पांढरं कापड गुंडाळणं. इंग्रजी पट्टीवर ‘डाइड’ एवढंच येणार. मुलं पट्टी वाचतील, हसणार नाहीत, आणि आपण म्हणणार की हल्लीच्या मुलांना विनोद कळत नाही.

थिल्लर म्हणणाऱ्यांसाठी थोडं. पटकथा-संवाद वसंत सबनीसांचे. अशोक सराफांना महाराष्ट्र भूषण आणि पद्मश्री मिळाली ती रडवल्याबद्दल नव्हे. पुरुषाने साडी नेसणं आपल्याला नवं नाही. बालगंधर्वांच्या साड्यांची फॅशन बायका उचलत, आणि अत्र्यांची ‘मोरूची मावशी’ तर एका इंग्रजी फार्सवरून आली. हो, नायिकांना या सिनेमात काम कमी आहे, आणि फसवणूक उघड झाल्यावर त्या फार लवकर माफ करतात. माझी मुलगी पंधराची आहे, ती म्हणाली, “इतक्या सहज?” बरोबरच विचारलं तिने. पण तिने हे मराठीतून विचारलं, रात्री साडेदहाला, आणि आम्ही तासभर भांडलो. तिच्या लक्षात हेही आलं की माधुरी ही धनंजयची मालकीण आहे, पगार ती देते. १९८८चा सिनेमा आहे हा! असं भांडण ज्या सिनेमाने घरात लावलं तो कापून कुणाचं भलं होणार?

आता मुलांच्या मूळ प्रश्नाकडे: “हे खोटं का बोलतात?” याचं उत्तर आपण द्यायलाच हवं, कारण ते सिनेमाच्या बाहेर आहे. गोष्ट घराची आहे. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीला बांधून टाकली. हा कायदा पुण्यातही होता, आणि नवा कायदा लागू व्हायला २००० साल उजाडलं. एकदा घुसलेला भाडेकरू निघत नाही, भाडं वाढत नाही, मग मालक भाडेकरू निवडणार डोळ्यांत तेल घालून. जोडपी चालतील, सडेफटिंग नकोत. लीलाबाई काळभोर दुष्ट नाहीत, त्या हिशेबी आहेत.

बेडोकमध्ये राहून हे आपल्याला न कळायला काय झालं? सरकारी फ्लॅट मलेशियन सोडून इतर परदेशी भाडेकरूंना अख्खा द्यायचा तर परिसरात ८ टक्के आणि ब्लॉकमध्ये ११ टक्के अशी मर्यादा आहे. कोटा भरला की दार बंद, तुम्ही कितीही सज्जन असा. खोलीच्या जाहिरातीत ‘नो कुकिंग’ वाचलेलं नाही असा एक तरी माणूस इथे आहे का? एजंटने पहिला प्रश्न “कुठले तुम्ही?” असा विचारल्यावर किती जणांनी “आम्ही फारसं तळत नाही हो” असं सांगितलंय? फोडणी घालताना खिडक्या उघडून पंखा फुल करणारे आपण सगळेच थोडेथोडे पार्वती आहोत. हे मुलांना सांगा. त्यांना वाटतं बाबांना पहिल्या दिवसापासून कॉन्डो होता.

पहिल्या बाजूलाही एक सांगते, टाळ्या वाजवू नका इतक्यात. हसणं ही मराठीपणाची परीक्षा करू नका. मूळ गोष्टही मराठी नाही, हृषिकेश मुखर्जींच्या १९६६च्या ‘बीवी और मकान’वरून घेतलेली आहे. आणि पडद्यावरच्या माणसाआधी संवाद म्हणणारे काका-मामा मुलांच्या शेजारी बसले की पोरांना सिनेमा ऐकूच येत नाही. ती आपल्या तोंडाकडे बघतात आणि अवघडून हसतात. त्यांना त्यांचं हसू येऊ दे, नाही आलं तर नाही.

तेव्हा माझा प्रस्ताव. अख्खा सिनेमा, एकही कात्री नाही. मध्यंतरापर्यंत सबटायटल बंद. शब्द अडला तर मुलाने शेजारच्या मोठ्या माणसाला विचारायचं. मुलं पुढे, संवाद पाठ असलेले सगळे मागच्या रांगेत. फंक्शन रूमचं भाडं मी कुटुंबांवर वाटून शीट टाकली आहे, ज्यांचा विरोध आहे त्यांचा वाटा धरलेला नाही. ते आले तर बटाटेवडे मोजून दोनच मिळतील. शनिवारपर्यंत नावं कळवा.