चळवळ पुण्यात, माणसे वाशिमात

राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त वत्सगुल्म नगराचा उल्लेख येतो. विदर्भातले हे नगर म्हणजे मदनाची क्रीडाभूमी, असे तो सांगतो आणि काव्यपुरुषाचे साहित्यविद्येशी लग्नही तिथेच लावून देतो. हे वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तही राजांच्या अंतःपुरातल्या चालीरीती सांगताना वत्सगुल्माचे नाव आले आहे. त्याच ग्रंथात ‘तृतीया प्रकृती’च्या माणसांची माहिती आहे. त्यांचे स्त्रीरूपाने राहणारे आणि पुरुषरूपाने राहणारे असे दोन प्रकार, त्यांचे व्यवसाय, त्यांचे वागणे-बोलणे, सारे काही. सांगणाऱ्याने कुठे नाक मुरडलेले दिसत नाही.

आज मात्र समलिंगी किंवा तृतीयपंथी माणसांच्या हक्कांचा विषय निघाला की वाशिम, रिसोड, कारंज्याच्या चहाच्या टपरीवर दोन वाक्ये ठरलेली असतात. पहिले, ‘ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं.’ दुसरे, ‘पुण्या-मुंबईत असेल, आपल्याकडे असलं काही नाही.’ पहिले वाक्य इतिहासाला धरून नाही आणि दुसरे खरे वाटते ते केवळ अशी माणसे गाव सोडून गेलेली असतात म्हणून.

बाहेरून आला असेल तर तो कायदा. मेकॉलेच्या मसुद्यातून उतरलेले, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम 377 हे 1860 चे. ज्या इंग्लंडने ते दिले, त्याने 1967 मध्ये आपल्या घरचा असाच कायदा मोडीत काढायला सुरुवात केली. आपण मात्र तो 2018 पर्यंत जपला. 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा त्याहून वाईट. त्याच्या एका भागात काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची सोय होती, तर दुसऱ्या भागात हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची. बंजारा समाजाचे तीर्थक्षेत्र पोहरादेवी ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याला हा शिक्का काय असतो ते समजावून सांगण्याची गरज नाही. बंजारा समाज महाराष्ट्रात आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे, तो याच कायद्याच्या इतिहासामुळे. एकाच कायद्याने डागलेल्या दोन समूहांपैकी एकाचे दुःख मानोऱ्यात घरोघरी ठाऊक आहे. दुसऱ्याची ओळख अकोला-पूर्णा मार्गावरच्या गाडीत वाजणाऱ्या टाळीपुरती उरली आहे. टाळी वाजली की लोक खिशात हात घालतात, दहा रुपये देतात आणि खिडकीबाहेर बघतात.

मराठी माणसाने या प्रश्नावर तोंड उघडले तेही आजकाल नव्हे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली प्राध्यापकी आधीच गेली होती. मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना ते सरळ, शास्त्रीय उत्तरे देत. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवरच्या अशाच प्रश्नोत्तरांवरून 1934 मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. कर्व्यांचे वकीलपत्र घेतले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. मासिकाचा विषयच लैंगिक शिक्षण आहे आणि वाचक प्रश्न विचारतात, तर संपादकाने उत्तर का देऊ नये, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. लैंगिक विषयावरचे सारे लेखन अश्लील ठरवणे त्यांना मान्य नव्हते. कर्वे खटला हरले, 200 रुपये दंड भरला आणि 1953 मध्ये मरेपर्यंत मासिक चालवत राहिले. बाबासाहेबांची जयंती गावोगाव होते, मिरवणुका निघतात, व्याख्याने होतात. या खटल्याची आठवण त्या व्याख्यानांत क्वचितच निघते.

त्याच सुमारास बर्लिनमध्ये काय चालले होते? माग्नुस हिर्शफेल्ड या डॉक्टरने 1897 मध्येच समलिंगी माणसांना शिक्षा देणाऱ्या जर्मन कलमाविरुद्ध संघटना उभारली होती. 1919 मध्ये त्याने लैंगिकतेच्या अभ्यासाची संस्था काढली. 1931 मध्ये तो भारतातही येऊन व्याख्याने देऊन गेला. मे 1933 मध्ये नाझींनी ती संस्था लुटली आणि तिथल्या पुस्तकांची होळी केली. त्यानंतर वर्षभराच्या आत मुंबईत कर्वे आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होते. तेव्हा ही चळवळ ‘त्यांची’ आणि आपण तिचे उशिरा आलेले नकलाकार, असे म्हणायला जागा नाही.

जगभरच्या कार्यकर्त्यांकडे पाहताना आणखी एक गोष्ट नजरेत भरते. त्यांतले बरेचसे आपल्या गल्लीतच काम करत होते. हार्वे मिल्क सॅन फ्रान्सिस्कोत कॅमेऱ्याचे दुकान चालवायचा. अनेकदा पडूनही पुन्हा उभा राहिला आणि 1977 मध्ये शहराच्या कारभारी मंडळावर निवडून आला. समलिंगींना भेदभावापासून संरक्षण देणारा नियम त्याने करून घेतला. रस्त्यावरची कुत्र्यांची घाण मालकानेच उचलावी यासाठीही तो तितकाच भांडला, कारण मतदारांना तेही हवे होते. 27 नोव्हेंबर 1978 रोजी त्याची गोळ्या घालून हत्या झाली. दक्षिण आफ्रिकेचा सायमन न्कोली वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यात तुरुंगात गेला आणि तिथे सहकाऱ्यांना त्याने आपण समलिंगी असल्याचे सांगितले. काहींना ते जड गेले. पुढे 1990 मध्ये जोहान्सबर्गला पहिला प्राइड मोर्चा काढणाऱ्यांत तो होता. 1996 च्या दक्षिण आफ्रिकी राज्यघटनेने लैंगिक कलावरून भेदभाव करण्यास बंदी घातली. न्यूयॉर्कच्या जीन मॅनफर्ड या शाळेतल्या शिक्षिका. 1972 मध्ये त्या समलिंगी मुलाबरोबर मोर्चात चालल्या, हातात पालकांना साद घालणारा फलक घेऊन. वर्षभरात त्यातून पालकांची संघटना उभी राहिली.

महाराष्ट्रातही वाट तीच आहे. पत्रकार अशोक राव कवी यांनी 1986 मध्ये एका मासिकाला मुलाखत देऊन आपली ओळख उघड केली, 1990 मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ काढले आणि 1994 मध्ये ‘हमसफर ट्रस्ट’ची स्थापना केली. या संस्थेला वाकोल्यात महापालिकेच्याच इमारतीत जागा मिळाली. एचआयव्हीचा प्रसार रोखायचा तर या माणसांपर्यंत पोहोचावे लागेल, हे पालिकेला उमगले होते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ सुरू केला आणि ‘पार्टनर’, ‘इंद्रधनू’ यांसारखी पुस्तके मराठीत लिहिली. गावाकडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला त्यामुळे आपल्याबद्दल आपल्या भाषेत वाचायला मिळाले. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘नालसा’च्या, खटल्यात सर्वोच्च न्यायालयात बाजू मांडली. गौरी सावंतही त्या लढ्यात होत्या. 15 एप्रिल 2014 रोजी न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क दिला. 2009 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने 377 ची धार काढली आणि त्या निकालाला आव्हान मिळाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात मुलांच्या बाजूने धावून आलेल्या पालकांमध्ये रंगकर्मी चित्रा पालेकर होत्या. कवयित्री दिशा पिंकी शेख यांनी तर जात आणि लिंग या दोन्ही उतरंडींवर एकाच वेळी बोट ठेवले आणि एका पक्षाच्या प्रवक्त्या म्हणून राजकारणातही त्या उतरल्या.

या यादीत मुंबई, ठाणे, पुणे हीच नावे जास्त येतात, हे खरे. पण वाशिमच्या वाचकाने ज्यांच्याकडे आवर्जून पाहावे अशी दोन नावे गावातली आहेत. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने 2017 मध्ये ज्ञानेश्वर कांबळे या तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच केले. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकच्या अंजली पाटील यांची गोष्ट तर ग्रामपंचायतीचे राजकारण जाणणाऱ्या कुणालाही रस वाटेल अशी आहे. त्यांनी महिलांसाठी राखीव जागेवर अर्ज भरला. छाननीत तो बाद झाला. कारण एकच, उमेदवार तृतीयपंथी. तृतीयपंथींसाठी राखीव जागा नाही आणि महिलांच्या जागेवर उभे राहायचे नाही, म्हणजे लढायचे तरी कुठून? त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. 2 जानेवारी 2021 रोजी न्यायालयाने ‘नालसा’ निकाल आणि तृतीयपंथींच्या हक्कसंरक्षणाचा 2019 चा कायदा समोर ठेवून अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला. मतदान 15 जानेवारीला झाले आणि अंजली पाटील निवडून आल्या. गावाने नाकारले असते तर न्यायालयाचा आदेश कागदावरच राहिला असता.

यवतमाळ तर शेजारचाच जिल्हा. 2017 च्या डिसेंबरअखेर तिथल्या एका हॉटेलात दोन पुरुषांचे लग्न झाले, घरची-दारची माणसे जमली. बातमी फुटली आणि चौकशीची भाषा सुरू झाली, कारण 377 अजून जिवंत होते. आठेक महिन्यांनी, 6 सप्टेंबर 2018 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. नागपुरात 2016 पासूनच प्राइड मोर्चा निघू लागला होता. तेव्हा ‘विदर्भात असलं काही नाही’ हे वाक्य आता बोलणाऱ्यालाही फार काळ रेटता येणार नाही.

वाशिम जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार जवळपास 12 लाख. त्याच जनगणनेत राज्यात 40,891 जणांनी लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ अशी नोंद केली. समलिंगी माणसांची तर मोजणीच नाही. ती जिल्ह्यात आहेत, फक्त दिसत नाहीत. शाळेत ‘बायल्या’ म्हणून हिणवलेला मुलगा बारावीनंतर पुण्याची वाट धरतो आणि दिवाळीलाही टाळाटाळ करत येतो. जो मागे राहतो, त्याचे हात पिवळे करून टाकले की सगळे ठीक होईल, असे घरच्यांना वाटते. त्यात एका अजाण मुलीचेही आयुष्य पणाला लागते, याचा हिशेब कुणी करत नाही. काही पालक ‘इलाज’ शोधत फिरतात. असले इलाज करणारा डॉक्टर व्यावसायिक गैरवर्तनाचा दोषी ठरतो, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच स्पष्ट केले आहे. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ही एक ओळ मराठीत लावायला किती खर्च येतो?

मागणी मोर्चाची नाही. मोर्चा निघाला तर उत्तमच, पण मंगरूळपीरच्या चौकात पहिल्याच दिवशी झेंडा घेऊन उभे राहण्याची अपेक्षा एकट्यादुकट्याकडून करणे म्हणजे त्याला तोंडघशी पाडणे. आधी यंत्रणेने हलावे. 2019 च्या कायद्याप्रमाणे तृतीयपंथी ओळखीचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो, पण तो भरून देणारे सेवा केंद्र आणि अर्जदाराला खिदळून न बघणारा कारकून गावाजवळच लागतो. पोलीस भरतीत तृतीयपंथी उमेदवारांची सोय करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारला दिला. वाशिमच्या मैदानांवर पहाटे धावणाऱ्या पोरांना आणि त्यांच्या अकादमीवाल्यांना तो ठाऊक असायला हवा.

17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो प्रश्न संसदेकडे सोपवला. संसदेत तो कधी येईल ते येवो. दरम्यान, 2024 मध्ये केंद्राच्या अन्न व सार्वजनिक वितरण विभागाने समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातले समजावे, असे राज्यांना कळवले आहे. वित्त मंत्रालयाने असे जोडीदार बँकेत संयुक्त खाते उघडू शकतात आणि खात्यासाठी एकमेकांना नामनिर्देशित (नॉमिनी) करू शकतात, असा खुलासा केला आहे. म्हणजे दिल्लीतून निघालेला हक्क आता तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेपर्यंत आणि बँकेच्या तालुका शाखेपर्यंत यायचा आहे. जिल्हा प्रशासनाने सहाही तालुक्यांच्या पुरवठा शाखांना ती सूचना मराठीत पाठवावी, तिची प्रत फलकावर लावावी आणि असा अर्ज घेऊन कुणी खिडकीशी आले तर कोणत्या टेबलाकडे जायचे, ते आजच ठरवून ठेवावे.