शीर्षप्रहेलिकेचा ताळा

अकोल्याहून शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनास जाणारा रस्ता पातूरवरून जातो. पातूरच्या पेढीवरील हिशेब लाखांत मांडला जातो, फार झाले तर कोटीपर्यंत पोहोचतो. भगवान आदिनाथांचे आयुष्य चौऱ्याऐंशी लाख पूर्वांचे होते, हे मात्र तेथील श्रावकाच्या लहान मुलालाही ठाऊक असते. पूर्व म्हणजे किती वर्षे, हा हिशेब क्वचितच मांडला जातो.

चौऱ्याऐंशी लाख वर्षांचे एक पूर्वांग आणि तितक्या पूर्वांगांचा एक पूर्व. म्हणजे ७०,५६,००० कोटी वर्षे. अनुयोगद्वारसूत्रात हाच गुणाकार पुढे चालतो व अठ्ठाविसाव्या पायरीवर शीर्षप्रहेलिका येते. (ज्योतिष्करंडकाची गणना निराळी आहे, तेथील संख्या २५० अंकी होते.) त्यापुढचा काळ पल्योपम, सागरोपम अशा उपमांनीच सांगितला जातो.

शीर्षप्रहेलिका १९४ अंकी आहे. तिचे पहिले ५४ अंक असे :

७५८२६३ २५३०७३ ०१०२४१ १५७९७३ ५६९९७५ ६९६४०६ २१८९६६ ८४८०८० १८३२९६

त्यापुढे १४० शून्ये. हाताने नक्कल करताना यातील एक अंक चुकला तर कळणार कसे? वहीचा ताळा पाहणे म्हणजे मुनिमावर अविश्वास नव्हे. तोच न्याय येथेही लागू होतो.

पहिला ताळा शून्यांचा. चौऱ्याऐंशी लाखात पाच शून्ये. अठ्ठावीस वेळा पाच म्हणजे १४०. शून्यांआधीचा अंक ६ हवा, कारण चार हा अंक सम वेळा गुणला की शेवटी सहाच येतो.

दुसरा ताळा नवाचा. ८४ ला तिनाने भाग जातो, म्हणून दुसऱ्या पायरीपासून प्रत्येक संख्येला नवाने भाग जातो. वरील अंकांची बेरीज २५२, म्हणजे नऊ गुणिले अठ्ठावीस. मात्र ३६ च्या जागी ६३ लिहिले गेले तर हा ताळा फसतो, हे प्रत्येक रोखपाल जाणतो.

त्यासाठी तिसरा ताळा अकराचा. शेवटच्या अंकापासून एकाआड एक अंकांची बेरीज ११४, उरलेल्यांची १३८. ११४ मध्ये ३३ मिळवून १३८ वजा केले की ९ उरतात. ८४ ला अकराने भागल्यास बाकी ७. सातास सातानेच गुणत अठ्ठाविसाव्या घातापर्यंत गेले व अकराने भागले, तरी बाकी ९ च येते. ताळा जुळतो.

आणखी एक गुण सहज हाती लागतो. २५२ म्हणजे ४ × ९ × ७, आणि हे तिन्ही गुणक शीर्षप्रहेलिकेत आहेतच. म्हणून स्वतःच्या अंकांच्या बेरजेने तिला निःशेष भाग जातो. नाशिकजवळच्या देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अशा संख्यांना ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, हे नाव दिले.

पुढे कधी ही संख्या एखाद्या पुस्तकात छापलेली दिसली, तर घरातील मुलांना अंकांची बेरीज करावयास सांगावे. २५२ न आल्यास चूक सूत्राची नसून छपाईची आहे, हे त्यांचे त्यांनाच कळेल.