तालिकेच्या खणातील 'पाहा'

ग्रंथालयाच्या दर्शनी दालनातील ते लाकडी कपाट आता बहुधा चाळिशी ओलांडलेल्या वाचकांच्याच स्मरणात उरले आहे. लहान लहान खणांच्या रांगा, प्रत्येक खणाच्या तोंडाशी अक्षरांची चिठ्ठी, आत साडेबारा सेंटिमीटर लांब व साडेसात सेंटिमीटर रुंद अशी शेकडो कार्डे आणि ती जागची हलू नयेत म्हणून तळाशी ओवलेली धातूची सळई. वाचकाने खण ओढावा, कार्डे चाळावीत, हव्या त्या ग्रंथाचा बोधांक चिठ्ठीवर उतरवून घ्यावा आणि मग पुस्तकांच्या मांडणीकडे वळावे, असा तो क्रम होता. संगणक आला आणि कपाट आधी कोपऱ्यात, नंतर अडगळीत गेले. त्याविषयी हळहळ व्यक्त करताना लाकडाचा गंध, पिवळा पडलेला कागद आणि ग्रंथपालांचे सुवाच्य अक्षर यांचाच उल्लेख होतो. या आठवणी रम्य आहेत. परंतु हळहळीला याहून भक्कम कारण आहे.

कार्डाचा इतिहास रंजक आहे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९१ च्या सुमारास, जप्त केलेल्या ग्रंथसंग्रहांची नोंद चक्क खेळण्याच्या पत्त्यांच्या कोऱ्या पाठीवर करण्यात आली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मेल्व्हिल ड्यूई आदींच्या प्रयत्नांतून कार्डाचे माप व पद्धत रूढ झाली. आपल्या संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे विणण्यासाठी महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त मांडले आणि १९३४ साली तालिकेची स्वतंत्र संहिताच सिद्ध केली. वाचकाचा वेळ वाचवा, हा त्यांचा चौथा सिद्धान्त होय. कार्डाची तालिका हे त्या सिद्धान्ताचे दृश्य रूप होते. या परंपरेचा शेवटही तारखेनिशी सांगता येतो. ग्रंथालयांना छापील कार्डे पुरविणाऱ्या ओसीएलसी या अमेरिकेतील सहकारी संस्थेने १ ऑक्टोबर २०१५ रोजी अखेरची कार्डे छापली.

कार्डाचे खरे मोल मात्र त्याच्या मापात किंवा कागदात नव्हते. ते त्यावरील एका लहानशा शब्दात होते. तो शब्द म्हणजे 'पाहा'. राम गणेश गडकरी यांची नाटके त्यांच्या स्वतःच्या नावाने, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने, तर विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने प्रसिद्ध झाले. 'ब'च्या खणात 'बाळकराम' शोधणाऱ्या वाचकास 'पाहा : गडकरी, राम गणेश' असे कार्ड भेटे आणि एकाच प्रतिभेची तीन दालने त्याच्यासमोर उघडत. असा प्रतिनिर्देश लिहिण्यासाठी हाती पुस्तक असून भागत नाही. साहित्याची जाण असलेला माणूस लागतो. ग्रंथपालाच्या व्यासंगाची ती मूक स्वाक्षरीच होती.

रायपूरसारख्या शहरात तर या 'पाहा'चे महत्त्व द्विगुणित होते. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगढात मराठी कुटुंबे स्थायिक होत आली. घरात मराठी आणि दारात हिंदी, अशा दुहेरी भाषाव्यवहारात त्यांच्या पिढ्या वाढल्या. १९३५ पासून महाराष्ट्र मंडळ येथे कार्यरत आहे. अशा शहराच्या ग्रंथालयात मराठी आणि हिंदी पुस्तके शेजारी शेजारी नांदणे स्वाभाविकच होय. दोन्ही भाषांची लिपी एक असल्याने तालिकेचे काम सोपे असावे, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात अडचण तेथेच सुरू होते.

हिंदी लेखनात 'ळ' सहसा येत नाही. त्यामुळे काळे यांचे 'काले' होतात आणि केळकरांचे 'केलकर'. लोकमान्य तर मराठीत 'टिळक' व हिंदीत 'तिलक'. वर्णानुक्रमात 'ट' आणि 'त' यांच्यामध्ये बरेच अंतर आहे. म्हणजे मूळ मराठी 'गीतारहस्य' एका खणात आणि त्याचा हिंदी अनुवाद दुसऱ्याच खणात. हा अनुवाद करणारे पं. माधवराव सप्रे हे रायपूरशी निकटचा संबंध असलेले मराठी भाषक. १९०० साली त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, १९०७ साली नागपुरातून 'हिंदी केसरी' सुरू केला आणि समर्थांचा 'दासबोध'ही हिंदीत नेला. १९२६ साली रायपुरातच त्यांचे निधन झाले. टिळक आणि तिलक यांना जोडणारा प्रतिनिर्देश आणि अनुवादक म्हणून सप्रे यांची पूरक नोंद, अशी दोन कार्डे खणात असली, तर या भूमीतील दोन भाषांचा संबंध शाळकरी विद्यार्थ्यालाही सहज उमगेल. ती नसली, तर दोन्ही ग्रंथ ग्रंथालयात असूनही एकमेकांना अनोळखी राहतील.

याचा अर्थ संगणकास दोष द्यावा, असा नाही. कार्डाच्या मर्यादा उघड होत्या. एक कार्ड चुकीच्या जागी गेले की त्या ग्रंथाचा माग लागणे कठीण. एका वेळी एका खणाशी एकच वाचक. शीर्षकाचा पहिला शब्द आठवत नसेल, तर शोध जवळजवळ खुंटलाच. संगणकावर शीर्षकातील कोणताही शब्द चालतो, पुस्तक कोणाकडे गेले आहे ते कळते आणि घरबसल्याही शोध घेता येतो. 'पाहा'ची सोयही उत्तम संगणक प्रणालीत असतेच. प्रश्न आहे तो ती सोय भरण्याचा. यंत्राला जेवढे सांगावे तेवढेच ते जाणते. कार्डे पुढ्यात ठेवून केवळ लेखक, शीर्षक आणि दाखल क्रमांक भराभर टंकित केले, तर ग्रंथाची नोंद होते, पण ग्रंथाची नाती मागेच राहतात. त्यातून मराठी नाव रोमन लिपीत नोंदले गेले, तर सर्वसाधारण टंकलेखनात 'ट' आणि 'त', 'ळ' आणि 'ल' यांतील भेदही पुसला जातो. देवनागरीत शोधणाऱ्या वाचकास मग 'नोंद आढळली नाही' असे उत्तर मिळते आणि मांडणीवर असलेले पुस्तक त्याच्यापुरते नाहीसे होते.

या ठिकाणी बँकिंग व्यवसायाचा दाखला उपयुक्त ठरावा. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांच्या संगणकीकरणास दिशा मिळाली आणि पुढे जाडजूड खातेवह्यांची जागा कोअर बँकिंगने घेतली. हे स्थित्यंतर घडताना एक नियम कसोशीने पाळला गेला : जुन्या वहीतील शिल्लक आणि संगणकातील शिल्लक जुळल्याखेरीज वही मिटायची नाही. मिटलेली वहीही लगेच रद्दीत जात नाही. १९८५ च्या नियमांनुसार बँकांना जुने अभिलेख ठरावीक वर्षे जतन करावे लागतात. ग्राहकाच्या एका रुपयासाठी जी दक्षता घेतली जाते, ती समाजाच्या ग्रंथधनासाठी का घेतली जाऊ नये?

ग्रंथालयांसाठीही अशी जुळवणी अशक्य नाही. कार्डांची संख्या व संगणकातील नोंदींची संख्या पडताळावी. 'पाहा' आणि 'हेही पाहा' असे लिहिलेली कार्डे वेगळी काढून ती प्रथम संगणकात आणावीत. मराठी नावे देवनागरीत, त्यांच्या मूळ वर्णांसह नोंदवावीत आणि हिंदी रूपाशी जोडावीत. हे सारे पूर्ण होईतो कपाट हलवू नये. निदान कार्डांची छायाचित्रे तरी घेऊन ठेवावीत. मनुष्यबळाची उणीव हे कारण सर्वत्र पुढे येते व ते खरेही आहे. परंतु मराठी आणि हिंदी दोन्ही उत्तम जाणणारी सेवानिवृत्त मंडळी रायपुरात खचितच असतील. बँकेतून निवृत्त झालेल्यांना तर जुळवणीची सवय असतेच. आठवड्यातील दोन तास त्यांनी या कामी दिले, तर किती तरी ग्रंथ पुन्हा वाचकांच्या दृष्टीस पडतील.

जुन्याचा मोह आणि नव्याची ओढ यांत निवड करण्याची येथे गरज नाही. खण, सळई आणि कार्ड यांनी आपले काम चोख बजावले. त्यांना निरोप देण्यात गैर काहीच नाही. मात्र ज्या अनाम ग्रंथपालांनी एका पुस्तकाकडून दुसऱ्या पुस्तकाकडे जाण्याची वाट 'पाहा' या शब्दाने आखून ठेवली, त्यांचे श्रम पुढच्या पिढीच्या खाती जमा झाले पाहिजेत. ती शिल्लक जुळली, की मग कपाट खुशाल मिटावे.