नोंदवही आणि शोधखिडकी

स्नानसंस्काराच्या नोंदवह्या संगणकात भरून इंटरनेटवर शोधासाठी खुल्या कराव्यात, अशी सूचना अलीकडे सुशिक्षित प्रापंचिकांकडून वारंवार ऐकू येते. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. खांडबारा-नवापूर पट्ट्यातील कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत उतरतात, मुले सुरतेला स्थिरावतात. लग्न ठरले की स्नानसंस्काराचा दाखला हवा, आणि तेवढ्यासाठी मजुरी बुडवून रेल्वेने खांडबारा गाठावे लागते. फादर पाड्यांवर गेलेले असले तर पुन्हा हेलपाटा. ही गैरसोय खरी आहे. तरीही सूचना आम्हांला मान्य नाही.

समर्थक सातबाऱ्याचा दाखला देतात. शासनाच्या महाभूलेख सेवेवर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक किंवा नुसते आडनाव घातले की कोणाच्याही जमिनीचा उतारा पडद्यावर येतो. मग चर्चलाच काय अडचण? अडचण ही की जमिनीची नोंद चारचौघांनी पाहावी यासाठीच असते. आमच्या वह्यांचे तसे नाही. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मपरिषदेने विवाह व स्नानसंस्काराच्या नोंदी ठेवण्याचे बंधन घातले, ते संस्कारांच्या व्यवस्थेसाठी. १९८३ च्या कॅनन कायद्यातील कलम ५३५ प्रमाणे दृढीकरण, विवाह, दत्तकविधान, गुरुदीक्षा ही सारी स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी समासात लिहिली जातात. एखादा विवाह रद्दबातल ठरला तर तेही तिथेच येते. अविवाहित मातेच्या मुलाची नोंद कशी करावी याचे नियम कलम ८७७ मध्ये आहेत. म्हणजे त्या एका ओळीत माणसाचे अर्धे आयुष्य आणि कधी कधी त्याच्या आईचे दुःखही असते. ते शेजाऱ्याने घरबसल्या वाचावे काय?

याहून गंभीर गोष्ट आम्हा आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांची आहे. अनुसूचित जमातींविषयीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट नाही. गावित, वसावे, वळवी, पाडवी कुटुंबांतील माणूस ख्रिस्ती झाला म्हणून त्याची जमात बदलत नाही. तरीही धर्मांतरितांना त्या यादीतून वगळा, ही मागणी गेली कित्येक वर्षे मोर्चे काढून केली जात आहे. आमच्या तालुक्याला लागून असलेल्या डांगमध्ये १९९८ च्या नाताळात प्रार्थनामंदिरे जाळली गेली. गुजरातचा २००३ चा धर्मस्वातंत्र्य कायदा २०२१ साली आणखी कडक करण्यात आला, आणि आमची निम्मी नातीगोती त्या सीमेपलीकडे आहेत. अशा मुलखात गाववार, आडनाववार, सालवार शोधता येणारी स्नानसंस्काराची यादी कोणाच्या उपयोगाची ठरेल, हे सूचना करणाऱ्यांनीच सांगावे.

'एका वेळी एकच नाव दिसेल, यादी कुठे?' असे उत्तर मिळते. हे उत्तर भाबडे आहे. अशा सेवेला प्रश्न माणसानेच विचारावा असे नसते. यंत्रही विचारते, आणि एका रात्रीत हजारो वेळा विचारते. पाडव्यांपासून वसाव्यांपर्यंत सारी आडनावे लावून जमलेली उत्तरे एकत्र केली की यादी तयार! वही उघडणारे फादर निदान विचारतात, 'कोण रे तू? कशासाठी हवंय?' शोधखिडकी तसे विचारत नाही.

परक्या हाती वह्या गेल्याने काय घडते याचा अनुभव ख्रिस्तसभेला आहे. मॉर्मन पंथीयांची वंशावळ संस्था जगभर फिरून चर्चच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेत होती. १९९९ पासून तिची शोधसेवा इंटरनेटवर आहे. मृतांच्या वतीने स्नान देण्याची त्या पंथाची प्रथा असल्याने, ५ एप्रिल २००८ च्या पत्राने रोमने जगभरच्या धर्मप्रांतांना वह्या या संस्थेला देऊ नयेत असे कळवले. वंशावळ शोधणाऱ्यांना त्या सेवेचा मोठा उपयोग होतो, हे आम्ही नाकारत नाही. पण एकदा घेतलेली प्रत परत मागता येत नाही.

शिवाय अशा शोधाच्या अचूकपणाबद्दलही आमच्या मनात भाबडा विश्वास नाही. जुन्या वहीत रोमन लिपीत 'वसावे' कोणी 'व्ही'ने लिहिले, कोणी 'डब्ल्यू'ने; संताचे नाव एक, घरी हाक मारायचे दुसरे. खिडकी म्हणणार, 'नोंद आढळली नाही', आणि सुरतेच्या कचेरीतला कारकून त्याचा अर्थ 'स्नानसंस्कार झालाच नाही' असा लावणार. समासातील नोंद आज वहीत चढली तरी दोन वर्षांपूर्वी भरलेल्या संगणकी प्रतीत ती कुठून येणार? लग्नासाठी दाखला अलीकडचाच मागतात तो याचसाठी.

मग वाळवीच्या तोंडी वह्या द्याव्यात, असे आमचे म्हणणे नाही. प्रत्येक पानाचे छायाचित्र काढावे, एक प्रत धर्मप्रांताच्या दप्तरात कुलुपात ठेवावी. धर्मगुरूंना शोधायला सोपे जावे म्हणून नावांची संगणकी सूचीही करावी, मात्र ती इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रावर. आपल्या व्यक्तिगत दर्जाविषयीच्या कागदाची अधिकृत प्रत मिळण्याचा हक्क धर्मप्रांताच्या दप्तरासंबंधीच्या कलम ४८७ ने ज्याचा त्याला दिलाच आहे; तो सुरतेत बसूनही बजावता आला पाहिजे. वेबसेवा हवीच तर ती अर्ज घेण्यापुरती ठेवावी. अर्ज फोनवरून यावा, शोध माणसाने घ्यावा, कोणी काय मागितले त्याची टिपण वेगळ्या वहीत राहावी आणि दाखला आठ दिवसांत टपालाने जावा. ज्या धर्मग्रामांत आज साध्या पत्राला महिनोन्‌महिने उत्तर जात नाही, त्यांनी आरंभ तिथून करावा.