मुक्या जिवाची खिदमत

मे महिन्यात गोंदियात दिवसभर वीज गेली आणि आमच्या टाकीतलं सी ॲनिमोन पांढरं पडलं. दिसायला फूल, पण आहे प्राणी. पाणी तापलं की त्याच्या अंगात राहून त्याला पोसणारं सूक्ष्म शेवाळ निघून जातं; मग उपासमार. धाकटी त्याला खडकावरून ओढून काढणार होती. आम्ही अडवलं, ओढलं की त्याचा तळ फाटतो. पंखा लावून पाणी सावकाश २६ अंशांवर आणलं. पाणी आटतं, मीठ आटत नाही, म्हणून भर घातली ती बिनमिठाच्या आरओ पाण्याची. दिवा मंद ठेवला. आठवड्यातून दोनदा कोळंबीचा वाटाण्याएवढा तुकडा भरवला. दोन महिन्यांनी तपकिरी रंग परतला, अल्हम्दुलिल्लाह! धाकटी आता रोज पाण्याचं तापमान वहीत लिहिते.